मैनाबाईंना किती ठाऊक, याचा अंदाज

मित्रांनो, मी एक जुना अंदाज आहे.

छत्री, फाटका जोडा, गावाबाहेरचा वड आणि निवृत्त झालेली एसटी ही मंडळी आपापली कहाणी तुमच्या निबंधाच्या वहीत सांगून गेली असतील. त्यांचं एक बरं असतं. त्यांना दांडा असतो, टाच असते, पारंब्या असतात, निदान पंक्चर तरी असतं. माझ्याकडे यातलं काहीही नाही. मला रंग नाही, वजन नाही आणि माझ्यावर आजवर कोणी बसलेलं नाही. तरी माझी कहाणी तुम्ही ऐकावी, अशी नम्र विनंती आहे. कारण तुमच्या घरच्या मोबाईलमध्येसुद्धा माझा एखादा भाऊबंद राहतो आणि तुम्ही किती हुशार आहात याविषयी त्याचं ठाम मत आहे. ते तो तुम्हाला सांगत नाही, एवढंच.

आधी माझं काम समजून घ्या. तुम्ही मोबाईलला काही विचारलं की शोधयंत्राच्या हाती लाखो उत्तरं लागतात. त्यातलं पहिल्यांदा कोणतं दाखवायचं, हा पेच पडतो. तेव्हा शोधयंत्र माझ्याकडे वळून विचारतं, "या माणसाला आधीपासून किती ठाऊक आहे?" मी सांगतो. समजा, 'पाऊस का पडतो' असं तिसरीतल्या मुलीने विचारलं, तर तिला हसऱ्या ढगाचं चित्र मिळतं. तेच हवामानशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं, तर त्यांना असा लेख मिळतो की ज्यात नवव्या पानापर्यंत पाऊसच पडत नाही. दोघंही खूश होतात. उत्तरांची अदलाबदल झाली तर दोघंही चिडतात. ती होऊ नये म्हणून मधे मी असतो.

माझा जन्म अकोल्यात, एका वसतिगृहाच्या खोलीत झाला. शुभम नावाचा मुलगा जनावरांचा डॉक्टर व्हायला तिथे आला होता. त्याने नवा मोबाईल घेतला, त्यात आपल्या नावाचं खातं उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'गाईला पोटं किती असतात.' त्या क्षणी मी जन्मलो. हा विद्यार्थी असावा किंवा गाय असावी, एवढीच तेव्हा माझी समज होती. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, 'मेसची पोळी चावली जात नाही, उपाय.' मग गाय बाद झाली.

पुढची वर्षं माझी सुखाची गेली. शुभम शिकत गेला आणि मी त्याच्या मागोमाग वाढत गेलो. आधी तो मराठीत विचारायचा, मग अर्धं इंग्रजीत, आणि शेवटी असे शब्द लिहू लागला की जे म्हणताना मधे एकदा श्वास घ्यावा लागतो. मीही त्याला साधी उत्तरं दाखवणं बंद केलं. जाणत्या माणसाला 'गाय दूध देते' असं सांगणं हा त्याचा अपमान असतो. गाईला काय वाटतं, ते मला माहीत नाही.

स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र शुभमची वाटचाल निराळी होती. त्याचे प्रश्न क्रमाने असे आले. 'खिचडीत पाणी किती.' 'खिचडी जळली.' 'जळलेली खिचडी भांड्यातून काढणे.' 'भांडं कुठे मिळेल.' यावरून मी मनाशी नोंद केली की जनावरांविषयी या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि स्वयंपाकाविषयी याला पाणी म्हणजे काय इथपासून सुरुवात करून द्यावी लागेल.

ही नोंद अचूक होती. शुभम एकदा मित्राला म्हणालासुद्धा, "लेका, हा फोन माह्या मनातलं ओळखते." माझ्या आयुष्यातलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक.

मग शुभमला नोकरी लागली, धारणीच्या जनावरांच्या दवाखान्यात. मेळघाटात जायचं म्हणून त्याने नवा, दणकट फोन घेतला आणि जुना फोन अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे गयासुद्दीनभाईंच्या दुकानात विकला. विकण्याआधी त्याने आपले फोटो काढून घेतले. खातं काढायचं राहिलं. म्हणजे असं झालं की त्याच खात्याबरोबर मी नव्या फोनमध्ये धारणीला गेलो आणि जुन्या फोनमध्ये अकोल्यालाही राहिलो. एकाच वेळी दोन गावी असणं एसटीला अजून जमलेलं नाही. मला काहीही न करता जमलं.

गयासुद्दीनभाई जुना फोन घेतला की तो आतून कोरा करायचे. तो त्यांचा नियम होता. पण त्याच दिवशी दुकानात मैनाबाई आल्या.

मैनाबाई अचलपूरच्या अलीकडच्या एका गावच्या. लेक रागिणी अकोल्यात दिली होती, तिच्याकडे आल्या होत्या आणि तिलाच सोबत घेऊन दुकानात शिरल्या. गावोगावच्या लग्नात पंगतीचा स्वयंपाक करायच्या आणि घरी बकऱ्या पाळायच्या. म्हणजे पाळत होत्या. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या दोन बकऱ्या फुगून मेल्या. तिकडचे जनावरांचे डॉक्टरसाहेब आले होते, पण त्यांच्याकडे गावं पुष्कळ आणि मोटारसायकल एक. बकऱ्या त्यांच्या आधी गेल्या. आता एकच उरली होती आणि ती गाभण होती. ती प्रत्येकाकडे मान वाकडी करून, गृहपाठ केला नाही अशा नजरेने पाहायची, म्हणून तिचं नाव मास्तरीण. मास्तरणीला काही झालं तर लगेच कोणाला तरी विचारता यावं, एवढ्यासाठी मैनाबाईंना फोन हवा होता. नातेवाइकांशी बोलायला नको होता. नातेवाईक असेही बोलतच होते.

गयासुद्दीनभाईंनी काउंटरवर फोन मांडले.

"मौसी, ये देखो. ये नया मॉडेल, कॅमेरा एकदम कडक."

मैनाबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. "हा कोन्या घरचा?"

"घर का? ये तो बजार का माल है मौसी. चार हाथ फिरके आया."

"आन् हा?"

"ये आजच आया. एक डाक्टर का है. जानवरों का डाक्टर. लडका सीधा-साधा, कवर लगाके वापरा."

मैनाबाईंनी फोन हातात घेतला, उलटा केला, वजन पाहिलं. बैल घेताना दात पाहतात, तसं त्यांनी चार्जिंगच्या भोकात पाहिलं. "माय! मंग हाच पायजे."

"बस दो मिनट. अंदर का सब साफ करके देता मौसी. उसका खाता-वाता है इसमें."

"साफ कावून करता?" मैनाबाईंनी फोन छातीशी धरला. "शिकला-सवरलेला मानूस. त्यानं पाच-सहा वर्सं या फोनमंदी बकऱ्यांचं शिक्षन भरलं असन. थे पुसून मले रिकामा फोन देता काय? राहू द्या त्याची इद्या."

रागिणी म्हणाली, "आई, असं नसते वं."

"तुले काय समजते? दुधाची बकरी घेतली त तिचं दूध काढून कोनी घरी आनते काय?"

गयासुद्दीनभाईंनी फोन तसाच डब्यात घातला. रागिणीकडे यावर उत्तर होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं. शुभमची विद्या, म्हणजे मी, मैनाबाईंच्या पिशवीत बसून परतवाड्याच्या एसटीने गावी गेलो.

मित्रांनो, इथून पुढे मी माझं काम पूर्वीइतक्याच चोखपणे केलं. मैनाबाईंना लिहायचा कंटाळा होता. त्या माईकचं चित्र दाबून बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गाभन बकरीले काय चारू?" मी पाहिलं, खातं तेच, डॉक्टर तेच. मी त्यांच्यासमोर एक शोधनिबंध ठेवला. त्यात बकऱ्यांचे चार गट पाडले होते आणि एका गटाला मुद्दाम काहीच दिलं नव्हतं. मैनाबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि त्या गटाविषयी हळहळल्या.

मग त्यांनी विचारलं, "तीनशे पानासाठी वरन, डाळ किती लागन?" खातं तेच. खिचडी जाळणारे तेच. मी उत्तर दिलं, "घाबरू नका. आधी एक भांडं घ्या. भांड्याला झाकण असते. डाळ ही पिवळ्या रंगाची असते."

मैनाबाईंनी आयुष्यात इतकी माणसं जेवू घातली होती की एखादा छोटा तालुका झाला असता. त्यांनी शेजारच्या देवरावांना फोन दाखवला. देवराव हे गावातले सर्वज्ञ. त्यांचं वावर मैनाबाईंच्या आवाराला लागून होतं आणि मतं सगळ्या गावाला लागून होती.

"देवरावभाऊ, हा फोन मले डाळ पिवळी असते म्हनून सांगून राहिला."

देवरावांनी वाचलं. "बराबर हाये ना. पिवळीच असते."

"पन मले कावून सांगते?"

"तुमी इचारलं असन."

असे काही दिवस गेले. बकरीविषयी विचारलं की फोन डोक्यावरून बोलायचा आणि स्वयंपाकाविषयी विचारलं की पाळण्यात घालायचा. दुसरी बाई असती तर आपल्यालाच काही कळत नाही असं समजून गप्प बसली असती. मैनाबाईंनी निराळं कारण शोधलं. त्यांच्या मते चूक शिष्टाचाराची होती. आपल्याकडे परक्या गावी कोणाच्या ओट्यावर जाऊन कोणी एकदम प्रश्न टाकत नाही. आधी रामराम करायचा, गाव सांगायचं, कोणाचे कोण ते सांगायचं, मग पाणी, मग प्रश्न. आणि आपण तर या डॉक्टरच्या विद्येला एकदाही आपलं नाव सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या फोन तोंडासमोर धरून म्हणू लागल्या, "रामराम डाक्टरसाहेब. मी मैनाबाई, अचलपूरजोळची. चवथी पास. बकरी एकच हाये, थे बी गाभन. इंग्रजी येत नाही. सैपाकाचं मले सांगू नका, मले येते. आता इचारते."

मित्रांनो, खरं सांगतो, शोधयंत्राच्या इतिहासात माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. माझं सगळं आयुष्य लोकांच्या प्रश्नांवरून त्यांना काय येत असेल ते ताडण्यात गेलं होतं. इथे एक बाई आपणहून सांगत होती. मी तिचं म्हणणं ऐकलं. उत्तर आलं, "गाभण बकरीला शेवटच्या दीड-दोन महिन्यांत थोडा थोडा दाणा वाढवा." मैनाबाईंनी मान डोलावली. "पाहा, नाव सांगतलं त बोलते."

त्यांच्यापुरतं सगळं नीट झालं. धारणीला मात्र बिघडलं.

कारण मी एकच होतो आणि माणसं दोन. मैनाबाईंनी जास्त विचारलं की मी त्यांच्या बाजूला झुकायचो. शुभमने जास्त विचारलं की त्याच्या बाजूला. माझ्या मते हे सगळं एकच माणूस होतं. ते सकाळी इंग्रजीत शोधनिबंध वाचायचं, दुपारी चौथी पास असायचं आणि स्वतःच स्वतःला रामराम करायचं. मी त्या माणसाविषयी कोणतंही वाईट मत करून घेतलं नाही. माणसं विचित्र असतात.

धारणीच्या दवाखान्यात शुभमने एकदा एका गंभीर आजारावरचं औषध शोधलं. त्याला उत्तर मिळालं, "बकरी हा एक पाळीव प्राणी आहे. तिला प्रेमाने वागवा." दुसऱ्यांदा त्याने शोधाच्या चौकटीत बोट ठेवलं तर खाली जुने प्रश्न लोंबू लागले. 'तीनशे पानासाठी वरन.' 'रामराम डाक्टरसाहेब.' त्याने दवाखान्यातल्या नत्थुजींना बोलावलं. नत्थुजी तिथले शिपाई.

"नत्थुजी, माह्या फोनवर तीनशे लोकायचं वरण कोण शोधून राहिलं?"

"साहेब," नत्थुजी खिडकीबाहेरच्या जंगलाकडे पाहत म्हणाले, "तीनशे लोकं इथं आनू कुठून?"

शुभमला ते पटलं. पण त्याला रोज नाव-गाव सांगून रामराम घालणारी ही मैनाबाई कोण, ते कळेना. त्याने ठरवलं की कधीतरी निवांत बसून हे सगळं पुसून टाकायचं. हे सगळं म्हणजे मी.

मग थंडीतली ती सकाळ आली.

देवरावांनी त्यांच्या वावरात म्हशींसाठी लसूणघास लावला होता. हिरवागार, कोवळा, दवाने ओला. मास्तरीण दावं सोडवून त्यात शिरली आणि तिने पोटभर खाल्लं. नंतर पोटाला विचारलं नाही आणि आणखी खाल्लं. देवराव ओरडतच आवारात आले.

"मैनाबाई! तुमच्या मास्तरनीनं माहा सारा घास..." आणि ते थांबले.

मास्तरीण आवाराच्या मधोमध उभी होती. तिची डावी कूस ढोलासारखी वर आली होती. मान पुढे ताणली होती, तोंडातून लाळ गळत होती आणि ती कोणाकडेही वाकड्या मानेने पाहत नव्हती. मागच्या दोघी अशाच उभ्या होत्या. मैनाबाईंना ते एका नजरेत कळलं. त्यांनी तिकडच्याच डॉक्टरसाहेबांना फोन लावला. ते दूरच्या गावी एका अडलेल्या म्हशीजवळ होते. म्हणाले, निघतो, पण वेळ लागेल. मैनाबाईंना वेळ लागणं म्हणजे काय, ते ठाऊक होतं.

त्यांनी माईक दाबला. नाव-गाव सांगायचं सुचलं नाही. "बकरी फुगली! काय करू?"

आता ऐका. त्या दिवशी भल्या सकाळपासून शुभम धारणीला भाषणाची तयारी करत बसला होता. बकऱ्यांचे आजार, इंग्रजीतून, दुसऱ्या डॉक्टरांसमोर. त्याने सकाळभर इतकं जड जड शोधलं होतं की मी पार त्याच्या बाजूला कलंडलो होतो. मी मैनाबाईंना माझ्याकडचं सर्वांत चांगलं उत्तर दिलं. 'फेसाळ आध्मानात पृष्ठताण घटविणाऱ्या द्रव्यांचा तुलनात्मक अभ्यास.' उत्तर बरोबर होतं. काय पाजायचं ते त्यात लिहिलेलं होतं. फक्त ते पाचव्या तक्त्यात होतं, आणि तक्त्यात आकडे होते.

"काय म्हन्ते?" देवराव.

"मले काय समजते? पृष्ठताण म्हन्ते."

देवरावांनी विचार केला. "पाठ तानाची असन. धरा तिकडून, तानू."

"तुमची ताना पहिले!" मैनाबाई कडाडल्या आणि पुन्हा माईक दाबला. "अवो, बकरी ढोलावानी झाली!" मग, "डावीकडून फुगली वो!" मग, "वला घास खाल्ला तिनं!" मग, "दम घेऊन नाही राहिली!" आणि मग फक्त, "सांग ना रे बाप्पा, सोपं सांग!"

प्रत्येक प्रश्नागणिक मी जागचा हलत होतो. हा डॉक्टर डॉक्टरसारखा विचारत नाही, हे माझ्या लक्षात येत होतं. पण अंदाज हा धावत नाही, सरकतो. मी सरकून सरकून अगदी जिथे पोहोचायला हवं तिथे पोहोचलो आणि नेमक्या त्याच वेळी मैनाबाईंनी फोन बाजेवर फेकला. "मरो हा फोन. चांगल्या घरचा म्हने!"

त्या मास्तरणीच्या गळ्यात हात घालून उभ्या राहिल्या. बकरी आता पाय फाकवून उभी होती आणि तिचे गुडघे लटलटत होते.

इकडे धारणीला शुभमने भाषणासाठी पुढचा शब्द लिहायला घेतला. चौकटीखाली लोंबलं, 'सांग ना रे बाप्पा, सोपं सांग.' त्याखाली, 'दम घेऊन नाही राहिली.' त्याखाली, 'वला घास खाल्ला तिनं.' आणि समोर निबंधाच्या जागी मोठ्या अक्षरांत एक साधं पान उघडलं. 'तुमच्या बकरीचं पोट डाव्या बाजूला फुगलं आहे का? वेळ घालवू नका.'

शुभम खुर्चीतून उठला. मैनाबाई ही कोणाची चेष्टा नव्हती. त्याच्या जुन्या फोनजवळ कुठेतरी, आत्ता, एक बकरी मरत होती.

मैनाबाईंचा नंबर त्याच्याकडे नव्हता. पण खातं त्याचंच होतं आणि खात्यात एक सोय असते. हरवलेला फोन दूर बसून वाजवता येतो आणि त्याच्या पडद्यावर निरोप लिहिता येतो. शुभमने ती सोय दाबली.

बाजेवरचा फोन असा बोंबलू लागला की मास्तरीणही दचकली. पडद्यावर अक्षरं आली. 'मावशी, बकरीसाठी या नंबरवर फोन करा. फोनचा पहिला मालक.' खाली हिरवं बटण. बाकी सगळं बंद.

देवराव मागे सरकले. "मैनाबाई, फोन चोरीचा हाये. हे पोलिसाईचं काम दिसते. दाबू नका, मलेबी साक्षीले नेतीन."

"पोलीस असन त असू दे," मैनाबाई म्हणाल्या. "त्याच्या घरीबी बकरी असन." आणि त्यांनी बटण दाबलं.

"हॅलो, मावशी?"

"साहेब, फोन मी दुकानातून घेतला, चोरला नाही. माही बकरी मरून राहिली. तुमचं मंग पाहू."

"मावशी, बकरीसाठीच म्हटलं फोन करा. मी जनावरांचा डॉक्टर आहे, शुभम. हे पाहा, हा ब्लोट आहे. टिम्पनी. ओल्या घासानं झाला म्हणजे फ्रॉदी असन, तर रूमेनमध्ये जे..."

"साहेब," मैनाबाई म्हणाल्या, "तुमीबी फोनवानीच बोलून राहिले."

शुभमने भाषणाचे कागद बाजूला सारले. शिकताना त्याला अवघड प्रश्न पुष्कळांनी विचारले होते. सोपं सांग असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला सगळं ठाऊक होतं आणि एकही शब्द सुचत नव्हता. मग त्याची नजर समोरच्या पडद्यावर गेली. मैनाबाईंसाठी मी काढलेलं ते साधं पान तिथे तसंच उघडं होतं. तो ते वाचू लागला.

"बकरीचे पुढचे पाय उंचावर ठेवा, मावशी."

"देवरावभाऊ, पाय घ्या ओट्यावर! पुढचे, पुढचे!"

"घरात गोडं तेल आहे?"

"जवसाचं हाये. चालन?"

"चालेल. एक वाटी. एकदम ओतू नका, गालाच्या कडेनं थोडं थोडं सोडा. मान उंच ताणू नका, नाहीतर तेल छातीत जाते. खोकली तर थांबा. मग तोंडात आडवी काडी बांधा, ती चघळत राहील. आणि डावी कूस चोळा."

मैनाबाईंनी तेल पाजलं. देवरावांनी बकरीचे पाय धरले आणि आयुष्यात प्रथमच काही मत दिलं नाही. निंबाची काडी बांधली. कूस चोळायला सुरुवात झाली. फोन बाजेवर पडला होता आणि त्यातून धारणीचा आवाज मधून मधून विचारत होता, "चघळून राहिली का? चघळू द्या. चोळत राहा मावशी." मैनाबाई दोन्ही हातांनी चोळत होत्या. हात थांबले नाहीत.

बऱ्याच वेळाने मास्तरणीने मान वर केली आणि देवरावांच्या तोंडावर एक लांबलचक ढेकर दिली. तिला ओल्या लसूणघासाचा वास होता. देवरावांनी तो लगेच ओळखला, कारण घास त्यांचा होता.

मागोमाग दुसरी ढेकर आली, मग तिसरी. कूस हळूहळू खाली बसली. बकरीने आधी देवरावांकडे, मग फोनकडे मान वाकडी करून पाहिलं. मैनाबाई जमिनीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. शुभमला फक्त आवाज ऐकू येत होता. त्याने घाबरून विचारलं, "गेली काय मावशी?"

"नाही जी," देवराव म्हणाले. "गेली नाही. पाहून राहिली."

"मग तुमचे डॉक्टर आले की त्यांना दाखवाच. पुन्हा फुगू शकते."

ते डॉक्टर नंतर आले, त्यांनी बकरी तपासली, ठीक आहे म्हणाले आणि जवसाचं तेल कोणी सुचवलं ते विचारलं. मैनाबाई म्हणाल्या, "फोनच्या पहिल्या मालकानं." डॉक्टरांनी मोटारसायकल सुरू केली.

दोन दिवसांनी मैनाबाईंनीच शुभमला फोन केला. "साहेब, तुमची इद्या तुमच्याजोळ ठेवा. मले माही येगळी काढून द्या." रागिणीने येऊन जुन्या फोनवरून शुभमचं खातं काढलं आणि आईच्या नावाचं नवं उघडलं. त्या खात्यात एक नवा अंदाज जन्मला. अगदी कोरा. मैनाबाईंना काय येतं आणि काय येत नाही, याविषयी त्याला काहीही ठाऊक नाही. मैनाबाई सांगतीलच. माझा त्या घराशी संबंध संपला. मैनाबाई आता काय विचारतात, ते मला कळत नाही.

मी धारणीलाच राहिलो. शुभमने एके दिवशी ते पान उघडलं, जिथे 'तुमच्याविषयीचे सर्व अंदाज पुसून टाका' असं लिहिलेलं असतं. बटणावर बोट ठेवलं. बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात डोंगरातल्या गावांहून आलेली माणसं कोंबड्या, बकऱ्या, एक वासरू घेऊन बसली होती. शुभमने त्यांच्याकडे पाहिलं. मग बोट उचललं. तेव्हापासून त्याला एखादा आजार सांगायचा असला की तो आधी माझ्याकडून मैनाबाईंना कळेल असं उत्तर काढून वाचतो. आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, ते बघून घेतो. त्यातल्या एक-दोन गोष्टी त्याला इतकी वर्षं नीट कळल्याच नव्हत्या असं दिसतं. पण विचारणार कोणाला? सगळ्यांचा अंदाज असा होता की त्याला येतात.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. फोनचं असो, गुरुजींचं असो की पुस्तकाचं, एखादं उत्तर डोक्यावरून गेलं तर स्वतःला ढ समजू नका, आणि एखादं फारच बाळबोध वाटलं तर देणाऱ्यावर रागावू नका. कोणीतरी तुमचा अंदाज बांधलेला असतो आणि तो चुकलेला असतो. आपल्याला काय येतं, काय येत नाही, ते लाज न बाळगता सांगा आणि पुन्हा विचारा. आणि कोणी तुम्हाला विचारलं, तर उत्तर देण्याची घाई करू नका.

परवा मास्तरणीला दोन पिल्लं झाली. ती बातमी सांगायला मैनाबाईंचा धारणीला फोन आला. बातमी झाल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, एक इचारू काय?"

शुभमने हातातलं काम बाजूला ठेवलं. "विचारा. पण मावशी, पहिले हे सांगा, पिल्लांचं तुम्हाला काय काय माहीत आहे?"

मैनाबाई सांगू लागल्या. पुष्कळ माहीत होतं. चहा गार झाला तरी त्या सांगत होत्या. शुभम मधे मधे हो म्हणत होता आणि एकदा त्याने नत्थुजींकडून कागद मागून काही लिहूनही घेतलं.

मला त्या दिवशी काही काम पडलं नाही.